रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेस : वेग कुठे वाढतो, कुठे वाढत नाही

डेटाबेसवर चालणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये सर्व्हरचा बराचसा वेळ काम करण्यात नव्हे, तर वाट पाहण्यात जातो. विनंती येते, क्वेरी रवाना होते आणि उत्तर येईपर्यंत ती पाठवणारा थ्रेड जागच्या जागी थांबून राहतो. जावामध्ये १९९७ पासून रूढ असलेले जेडीबीसी याच ब्लॉकिंग पद्धतीचे आहे. टॉमकॅटच्या मूळ सेटिंगमध्ये जास्तीत जास्त २०० थ्रेड असतात. म्हणजे एका वेळी २०० विनंत्या हाताळल्या जातात आणि पुढची रांगेत उभी राहते. थ्रेडची संख्या मनमानी वाढवता येत नाही. ६४-बिट लिनक्सवर जावाच्या प्रत्येक थ्रेडमागे स्टॅकसाठी साधारण १ एमबी जागा राखली जाते (ती सगळी लगेच खर्ची पडत नाही, हा भाग वेगळा) आणि हजारो थ्रेडमध्ये प्रोसेसरची अदलाबदल करत राहण्याचाही खर्च असतो.

रिॲक्टिव्ह पद्धत हे थांबणेच काढून टाकते. क्वेरी पाठवून थ्रेड मोकळा होतो आणि उत्तर आल्यावर उरलेले काम जो थ्रेड हाताशी असेल तो पुढे नेतो. २०१५ मध्ये रिॲक्टिव्ह स्ट्रीम्सचे मानक ठरले. २०१७ मध्ये जावा ९ ने त्याचे इंटरफेस प्रमाण लायब्ररीत घेतले, आणि त्याच वर्षी स्प्रिंग ५ बरोबर वेबफ्लक्स आले. त्याखाली नेटीचा इव्हेंट लूप चालतो आणि त्याचे थ्रेड साधारणपणे प्रोसेसरच्या कोअरइतकेच असतात. आठ कोअरच्या यंत्रावर आठ थ्रेड हजारो उघडी कनेक्शन सांभाळू शकतात.

इथूनच गैरसमजाला सुरुवात होते. रिॲक्टिव्ह पद्धत थ्रेड वाचवते. क्वेरीला लागणारा वेळ वाचवत नाही. इंडेक्स नसलेल्या तक्त्यावरची ८०० मिलिसेकंदांची क्वेरी वेबफ्लक्समधून पाठवली तरी ८०० मिलिसेकंदच घेते. किंबहुना एकट्यादुकट्या विनंतीचा प्रतिसाद रिॲक्टिव्ह कोडमध्ये किंचित उशिराही येऊ शकतो, कारण साखळीतल्या प्रत्येक ऑपरेटरमागे छोटे ऑब्जेक्ट तयार होतात आणि प्रत्येक ओळीमागे एक सिग्नल फिरतो. फायदा झालाच तर तो एकाच वेळी पुष्कळ विनंत्या अडकून पडलेल्या असतात तेव्हा होतो. तोही दरवेळी होत नाही. कधी होतो, हे साध्या हिशेबाने आधीच कळू शकते.

आधी हिशेब

रांगांच्या शास्त्रात जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे पुरेसा आहे: यंत्रणेत एका वेळी असलेल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे कामे येण्याचा दर गुणिले प्रत्येक कामाचा आतला वेळ. कनेक्शन पूलला तो लावून पाहावा. हिकारीसीपी या लोकप्रिय पूलचा मूळ आकार १० आहे. जेडीबीसीचा नॉन-ब्लॉकिंग पर्याय असलेल्या आरटूडीबीसीच्या पूलचाही तितकाच. एक क्वेरी सरासरी २० मिलिसेकंद घेत असेल, तर दहा कनेक्शनवर सेकंदाला जास्तीत जास्त ५०० क्वेरी होतील. एका विनंतीत अशा तीन क्वेरी असतील, तर सेकंदाला साधारण १६६ विनंत्या. थ्रेड २०० असोत, आठ असोत वा दहा लाख, हा आकडा हलत नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. सेकंदाला १६६ विनंत्या आणि प्रत्येकीचे डेटाबेसमधले काम ६० मिलिसेकंद, म्हणजे कोणत्याही क्षणी खरे काम चाललेल्या विनंत्या जेमतेम दहा. टॉमकॅटच्या दोनशे थ्रेडपैकी एकशे नव्वद फक्त कनेक्शनची वाट पाहत असतील. त्यांना रिॲक्टिव्ह करून मोकळे केले, तर वाट पाहण्याची जागा बदलेल. वाट पाहणे संपणार नाही. बँकेत रांगेत उभे करण्याऐवजी टोकन देऊन बाकावर बसवले, तरी कॅशियर तितकेच राहतात.

मग पूल मोठा का करू नये, हा प्रश्न येतोच. पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस चालवते आणि कनेक्शनची मूळ कमाल मर्यादा १०० आहे, मायएसक्यूएलची १५१. मर्यादा वाढवता येते, पण डेटाबेस सर्व्हरचे कोअर आणि डिस्क तेवढेच राहतात. एका मर्यादेनंतर जादा कनेक्शन लॉक, कॅश आणि प्रोसेसर यांसाठी एकमेकांशी झोंबू लागतात आणि सगळ्यांचाच वेग घटतो. पोस्टग्रेएसक्यूएलच्या वर्तुळात प्रचलित असलेला आणि हिकारीसीपीच्या मार्गदर्शिकेनेही उचललेला ठोकताळा असा: कोअरची दुप्पट अधिक प्रत्यक्ष फिरणाऱ्या डिस्कची संख्या. आठ कोअरच्या डेटाबेस सर्व्हरसाठी तो वीसच्या आतबाहेर येतो. हा आकडा ब्रह्मवाक्य नाही. एसएसडी आणि क्लाउडवरच्या साठ्याच्या काळात तो सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्यावा आणि चाचणीने पक्का करावा. पण दिशा बरोबर आहे. पूल लहान असणे हा दोष नव्हे. ॲप्लिकेशनच्या दहा प्रती चालत असतील, तर डेटाबेसपुढे त्या दहाही पूलांची बेरीज उभी राहते, हेही ध्यानात ठेवावे.

फायदा नेमका कुठे

आता उदाहरण थोडे बदलू. विनंतीत डेटाबेसच्या ६० मिलिसेकंदांबरोबर बाहेरच्या एखाद्या सेवेला केलेला २ सेकंदांचा कॉलही आहे: पैसे भरण्याचे गेटवे, कुरिअरची चौकशी, दुसऱ्या खात्याची एपीआय. सेकंदाला १५० विनंत्या आल्या, तर एका वेळी तीनशेहून अधिक विनंत्या अडकलेल्या असतील. दोनशे थ्रेडचा सर्व्हर इथे सेकंदाला शंभराच्या आसपास येऊन थांबेल, डेटाबेस अर्धा रिकामा असूनही. रिॲक्टिव्ह पद्धतीचे खरे क्षेत्र हेच. थ्रेड संपले आहेत, पण कनेक्शन शिल्लक आहेत, अशी स्थिती असेल तर तीच यंत्रे बरेच जास्त काम उचलतात. ब्राउझरला सतत ताज्या नोंदी पाठवत राहणारी पाने, चॅट, डॅशबोर्ड यांचेही तसेच: हजारो कनेक्शन उघडी, पण बहुतांश वेळ स्तब्ध.

मात्र याच उदाहरणात एक सापळा आहे. तो २ सेकंदांचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या आत केला, तर त्या दोन सेकंदांत कनेक्शनही अडकून राहते आणि दहा कनेक्शनवर सेकंदाला पाचसुद्धा विनंत्या पूर्ण होत नाहीत. रिॲक्टिव्ह कोडमध्ये ही चूक डोळ्यांना पटकन दिसत नाही, कारण सगळेच एका लांब साखळीत ओवलेले असते. ट्रान्झॅक्शन उघडण्याआधी बाहेरची माहिती गोळा करावी, डेटाबेसचे लेखन एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये उरकावे आणि पुढचे कॉल ते बंद झाल्यावर करावेत. ब्लॉकिंग कोडलाही हाच नियम लागू आहे. रिॲक्टिव्हमध्ये तो मोडण्याची किंमत जास्त, कारण येणाऱ्या विनंत्यांना आवर घालणारी थ्रेडची मर्यादा तिथे नसते.

ड्रायव्हर अर्धवट नको

वेबफ्लक्स आणि खाली साधे जेडीबीसी, ही जोडी सर्रास आढळते आणि सर्वात वाईट निकालही तीच देते. इव्हेंट लूपचे आठ थ्रेड आणि प्रत्येकावर २०० मिलिसेकंदांची ब्लॉकिंग क्वेरी, म्हणजे सगळा सर्व्हर सेकंदाला ४० विनंत्यांवर अडकला. त्यात ज्यांना डेटाबेसशी काही देणेघेणे नाही अशा, आरोग्य-तपासणीसारख्या विनंत्याही अडकतात, आणि मग कुबरनेटीस तो सर्व्हर मेला असे समजून पुन्हा सुरू करतो.

जेडीबीसी ठेवायचेच असेल, तर त्याचे कॉल वेगळ्या शेड्युलरवर न्यावेत. वेबफ्लक्स ज्यावर उभे आहे त्या रिॲक्टर लायब्ररीतला बाउंडेड इलॅस्टिक शेड्युलर मूळ सेटिंगमध्ये कोअरच्या दहापट थ्रेडपर्यंत वाढतो. आठ कोअरवर ऐंशी. पूल दहाचा असेल, तर त्यातले सत्तर थ्रेड नुसते ताटकळतील. त्यापेक्षा पूलच्या आकाराइतकाच स्वतंत्र शेड्युलर डेटाबेससाठी बनवावा. मात्र एवढे केल्यावर जे हाती येते तो जुनाच थ्रेड-पूल असतो, रिॲक्टिव्ह वेष्टनातला. चुकून राहिलेले ब्लॉकिंग कॉल पकडण्यासाठी चाचण्या चालवताना ब्लॉकहाउंड हे साधन जोडावे. नॉन-ब्लॉकिंग थ्रेडवर ब्लॉकिंग कॉल झाला की ते तिथल्या तिथे एरर देते.

खऱ्या अर्थाने नॉन-ब्लॉकिंग असे ड्रायव्हर म्हणजे आरटूडीबीसीचे, व्हर्टएक्सचे, किंवा मोंगोडीबी आणि कॅसँड्राचे स्वतःचे. ओरॅकलने जावासाठी असिंक्रोनस डेटाबेस एपीआय आखायला घेतली होती, पण २०१९ मध्ये ते काम सोडून दिले; आरटूडीबीसीची १.० आवृत्ती २०२२ मध्ये आली. स्प्रिंगच्या आरटूडीबीसी मॉड्यूलमध्ये हायबरनेटसारखे लेझी लोडिंग नाही, तक्त्यांमधले संबंध आपोआप जोडले जात नाहीत. कामगिरीच्या दृष्टीने हा तोटा मानू नये. नकळत होणाऱ्या ढीगभर क्वेरी त्यामुळे टळतात आणि जॉइन हाताने लिहावा लागतो. ज्यांना हायबरनेटची सवय सोडवत नाही त्यांच्यासाठी हायबरनेट रिॲक्टिव्ह आहे.

व्हर्टएक्सच्या पोस्टग्रेस ड्रायव्हरमध्ये पाइपलाइनिंगची सोय आहे. पहिल्या क्वेरीचे उत्तर यायच्या आधीच दुसरी, तिसरी क्वेरी त्याच कनेक्शनवर पाठवून देता येते. सर्व्हर त्या क्रमानेच चालवतो, पण नेटवर्कवरच्या फेऱ्या वाचतात. क्वेरी अगदी लहान आणि नेटवर्क लांबचे असेल तिथे हा फरक ठळक दिसतो. एरवी रिॲक्टिव्हच्या खात्यावर जमा केला जाणारा बराच वेग प्रत्यक्षात अशा सोयींचा असतो.

पूल, फ्लॅटमॅप आणि न दिसणारी रांग

रिॲक्टिव्ह कोडमधली सर्वात महागडी ओळ बहुधा फ्लॅटमॅपची असते. रिॲक्टरमध्ये फ्लॅटमॅपची मूळ समांतरता २५६ आहे. पाचशे ऑर्डरची यादी आणून प्रत्येकीचे तपशील फ्लॅटमॅपने मागवले, की एकटी विनंती दहाच्या पूलपुढे २५६ मागण्या एकदम टाकते. तिच्यामागे आलेल्या साध्या एका क्वेरीच्या विनंत्या तोवर उपाशी राहतात. फ्लॅटमॅपला समांतरतेचा आकडा द्यावा, चार किंवा आठ. त्याहून बरे म्हणजे ते पाचशे आयडी एका ॲरेत घालून एकच क्वेरी करावी. दहापैकी नऊ वेळा उत्तर हेच असते. ट्रान्झॅक्शनच्या आत तर फ्लॅटमॅपची समांतरता भ्रामकच, कारण एका ट्रान्झॅक्शनच्या सगळ्या क्वेरी एकाच कनेक्शनवरून जातात आणि ते कनेक्शन एका वेळी एकच क्वेरी चालवते.

दुसरा मुद्दा रांगेचा. टॉमकॅटचे दोनशे थ्रेड संपले की पुढची विनंती दारातच थांबते. ती मर्यादा गैरसोयीची असली तरी संरक्षकही असते. वेबफ्लक्समध्ये दार सताड उघडे. बॅकप्रेशर हा शब्द ऐकून अनेकांना वाटते की येणाऱ्या विनंत्या आपोआप रोखल्या जातील, पण रिॲक्टिव्ह स्ट्रीम्समधला बॅकप्रेशर एका प्रवाहातल्या घटकांपुरता असतो. स्वतंत्र ग्राहकांनी पाठवलेल्या स्वतंत्र विनंत्यांना तो अडवत नाही. वरच्या उदाहरणात सेकंदाला १६६ ऐवजी ३०० विनंत्या येऊ लागल्या, तर दर सेकंदाला ९०० क्वेरींची मागणी होते आणि ५०० पूर्ण होतात. एका मिनिटात रांगेत २४,००० क्वेरी साचतात, आणि शेवटचीला नुसते कनेक्शन मिळायला ४८ सेकंद लागतात. तोवर वापरकर्ता पान बंद करून गेलेला असतो. बरेचदा दोनदा रिफ्रेश करून गेलेला असतो.

म्हणून मर्यादा हाताने घालावी लागते. आरटूडीबीसीच्या पूलला कनेक्शन मिळण्याची मुदत मूळ सेटिंगमध्ये नसते. ती दोन-तीन सेकंदांची द्यावी. त्याशिवाय एका वेळी किती विनंत्या आत घ्यायच्या याचा आकडा ठरवून त्यापुढच्यांना लगेच ५०३ हे उत्तर द्यावे. वाट पाहायला लावून शेवटी निराश करण्यापेक्षा लगेच नकार बरा. डेटाबेसच्या बाजूनेही स्टेटमेंट टाइमआउट लावावा; पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तो मुळात बंद असतो. ॲप्लिकेशनने टाइमआउट होऊन प्रवाह सोडून दिला, तरी सर्व्हरवरची क्वेरी थांबेलच असे धरून चालू नये.

मोठे निकाल, संथ ग्राहक

लाखो ओळींचा निकाल थोडा थोडा आणणे ही रिॲक्टिव्हची जमेची बाजू म्हणून सांगितली जाते. ती खरी आहे, पण तिची मक्तेदारी नाही. पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर मूळ सेटिंगमध्ये पूर्ण निकाल मेमरीत ओढतो. ऑटोकमिट बंद करून फेच साइज ठरवून दिला की तोही टप्प्याटप्प्याने आणतो. मेमरी वाचवण्यासाठी म्हणून कोणी सगळे ॲप्लिकेशन रिॲक्टिव्ह करू पाहत असेल, तर आधी ही दोन सेटिंग तपासावीत.

उलट, डेटाबेसपासून ब्राउझरपर्यंत अखंड प्रवाह जोडण्यात धोका आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. दोन लाख ओळींचा अहवाल कोणी कमकुवत मोबाइल नेटवर्कवर उतरवत आहे, असे समजा. ग्राहक हळू वाचतो, म्हणून बॅकप्रेशर मागे मागे सरकत डेटाबेसच्या कर्सरपर्यंत पोचतो. यंत्रणा अगदी नियमाप्रमाणे वागत असते. परिणाम मात्र असा की पाच मिनिटे एक कनेक्शन आणि एक ट्रान्झॅक्शन त्या एका मोबाइलच्या तालावर उघडे राहते. असे दहा ग्राहक जमले की पूल रिकामा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये इतके लांबलेले ट्रान्झॅक्शन व्हॅक्यूमलाही जुन्या ओळी साफ करू देत नाही, त्यामुळे त्रास त्या अहवालापुरता उरत नाही. मोठा अहवाल आधी फाइलमध्ये लिहून मग तिचा दुवा द्यावा. यादी दाखवायची असेल, तर शेवटच्या पाहिलेल्या आयडीच्या पुढच्या पन्नास ओळी मागवाव्यात. कर्सर उघडा ठेवणे फक्त जलद आणि आपल्या ताब्यातल्या ग्राहकासाठी ठीक.

मोजमाप

रिॲक्टिव्हचे गुणगान करणाऱ्या आणि त्याला मोडीत काढणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या चाचण्या बहुधा एकाच ठिकाणी चुकतात: डेटाबेस त्याच लॅपटॉपवर असतो. नेटवर्कची फेरी नसली की वाट पाहणे जवळपास उरत नाही आणि मोजले जाते ते फ्रेमवर्कचे वजन. चाचणीतला डेटाबेस वेगळ्या यंत्रावर, प्रत्यक्षाइतक्या ओळींचा आणि तितक्याच पूलचा असावा.

भार देण्याची पद्धतही महत्त्वाची. ठरावीक शंभर काल्पनिक वापरकर्ते ठेवले आणि प्रत्येकाने उत्तर आल्यावरच पुढची विनंती पाठवली, तर सर्व्हर मंदावला की भारही आपोआप कमी होतो आणि निकाल खऱ्याहून गोड दिसतो. गिल टेने यांनी या दोषाला कोऑर्डिनेटेड ओमिशन हे नाव दिले आणि तो टाळणारे डब्ल्यूआरके-टू हे साधनही लिहिले. गॅटलिंग आणि के-सिक्स यांतही ठरावीक दराने विनंत्या पाठवण्याची सोय आहे, तीच वापरावी. सरासरीऐवजी ९९ वे शतमान पाहावे. बरोबरीने पूलमधल्या ताटकळणाऱ्या मागण्यांची संख्या, कनेक्शन मिळायला लागलेला वेळ आणि कनेक्शन किती वेळ धरले गेले, हे तीन आकडे नोंदवावेत. पोस्टग्रेएसक्यूएलच्या बाजूने पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन कोणती क्वेरी एकूण किती वेळ खाते ते सांगते. अनेकदा चौकशी तिथेच संपते: एक इंडेक्स घातला जातो आणि रिॲक्टिव्हचा विषय पुढे ढकलला जातो.

व्हर्च्युअल थ्रेड आल्यावर

सप्टेंबर २०२३ मध्ये जावा २१ मधून व्हर्च्युअल थ्रेड वापरात आले आणि हिशेबाची एक बाजू बदलली. साधा ब्लॉकिंग कोड आणि जुने जेडीबीसी ठेवूनही आता लाखो थ्रेड परवडतात, कारण थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेड मोकळा करतो. स्प्रिंग बूट ३.२ पासून एका सेटिंगने ते चालू होतात. सुरुवातीला सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खरा थ्रेडही अडकवून ठेवत असे. मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये ही अडचण बव्हंशी दूर झाली. जुन्या आवृत्तीवर असणाऱ्यांनी आपला ड्रायव्हर त्या दृष्टीने तपासून घ्यावा. रांगेचा प्रश्न मात्र इथेही तसाच राहतो. दहा हजार व्हर्च्युअल थ्रेड दहा कनेक्शनवर तुटून पडू शकतात, तेव्हा सेमाफोर लावून आत येणाऱ्यांची संख्या बांधावीच लागते.

नवे ॲप्लिकेशन मुख्यतः नोंदी लिहिणारे-वाचणारे असेल आणि जावा २१ किंवा पुढची आवृत्ती उपलब्ध असेल, तर व्हर्च्युअल थ्रेड आणि जेडीबीसी हा पर्याय आधी निवडावा. त्यात स्टॅक ट्रेस वाचता येतो, डीबगर ओळीओळीने चालतो आणि नव्या माणसाला कोड समजतो; या गोष्टी कामगिरीच्या तक्त्यात दिसत नसल्या तरी रात्री दोन वाजता बिघाड शोधताना फार मोलाच्या ठरतात. ट्रान्झॅक्शनची माहितीही थ्रेडबरोबर राहते. रिॲक्टरमध्ये ती वेगळ्या कॉन्टेक्स्टमधून न्यावी लागते आणि साखळी मध्येच तुटली की ट्रान्झॅक्शन निसटते. सतत वाहणारे प्रवाह, अनेक सेवांचे कॉल एकत्र गुंफणे आणि घटकागणिक बॅकप्रेशर, एवढी गरज असेल तिथे रिॲक्टिव्ह अजूनही सरस आहे. सध्या नीट चाललेले वेबफ्लक्स आणि आरटूडीबीसीचे ॲप्लिकेशन केवळ नवे काही आले म्हणून मोडायचे कारण नाही.

रूपांतर करायचेच ठरले, तर ज्या विनंतीत थ्रेड अडकतात पण कनेक्शन रिकामी राहतात अशी एकच विनंती निवडून सुरुवात करावी, ठरावीक दराच्या भाराखाली आधीचे आणि नंतरचे ९९ वे शतमान शेजारी ठेवावे, आणि फरक पडला नाही तर ती शाखा मर्ज करू नये.